मधल्या वेळचे खाणे आणि आहारशुद्धी

दुपारचे जेवण आटोपून तीन-चार तास लोटले आणि संध्याकाळच्या दिवाबत्तीला अद्याप अवकाश असला, म्हणजे मनुष्याला एक लहानशी भूक लागते. ती दोन प्रहरच्या भुकेसारखी उग्र नसते. तिच्यासाठी पाट-पाणी मांडावे लागत नाही की ताट वाढावे लागत नाही. मूठभर फुटाणे, गुळाचा खडा, एखादे संत्रे, उन्हाळा असला तर वाटीभर सातू, एवढ्यावर ती भागते. धर्मचर्चेत या भुकेला सहसा स्थान मिळत नाही. उपवास, पारणे, श्राद्धाचे भोजन, यजमानाकडील अन्न यांविषयी आपण पुष्कळ बोलतो. परंतु चार वाजता उभ्याउभ्या जे तोंडात टाकतो त्याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. ज्याचा हिशेब ठेवला जात नाही त्यातच मनुष्याचा स्वभाव अधिक उघडा पडतो, असे मला अलीकडे एका क्षुल्लक प्रसंगावरून वाटू लागले आहे. तो प्रसंग आणि त्यावरून मनात उठलेले विचार वाचकांपुढे ठेवावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

गेल्या माघ महिन्यातील एका शनिवारची ही गोष्ट. दहावीच्या परीक्षा तोंडावर आल्या होत्या. अशा दिवसांत पांढुर्ण्याच्या मारुतीला विद्यार्थ्यांची गर्दी होते, हे सांगावयास नको. बाबा यजमानाकडे पूजेस गेले होते, म्हणून गाभाऱ्यापाशी मी बसलो होतो. एका मुलाने तेलाची वाटी आणि रुईच्या पानांची माळ पुढे केली, आणि तिच्याशेजारी चकचकीत वेष्टनातील चॉकलेटची एक वडी ठेवली. हल्ली हिला सर्वजण ‘एनर्जी बार’ म्हणतात. तो मुलगा तीन ते सहा शिकवणीला जातो आणि मधल्या सुट्टीत हीच वडी खातो. त्याने विचारले, “दादा, हे मारुतीले चालते का?” मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, “नाही, असले काही ठेवायचे नसते.” त्याने ती उचलून खिशात घातली, नमस्कार केला आणि तो निघून गेला.

संध्याकाळी बाबांना हे सांगितले. ते रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, “तू नाही म्हणालास ते कशावरून?” मला उत्तर देता येईना. त्या वडीत काय असते हे मला ठाऊक नव्हते. ती मी कधी खाल्लीही नव्हती. जी वस्तू आपण जाणत नाही ती देवाला अयोग्य म्हणून परत करणे हे शास्त्र नव्हे, ती नुसती सवय होय, हे माझ्या ध्यानात आले. दुसऱ्या दिवशी मी बाजारातून चाळीस रुपयांना तशीच एक वडी विकत आणली, आणि पुढील आठ दिवसांत आणखी काही आणून दुपारच्या वेळी खाऊन पाहिल्या.

आता आहाराच्या योग्यायोग्यतेविषयी आपल्या परंपरेने काय सांगितले आहे ते प्रथम पाहू. छांदोग्य उपनिषदाच्या सातव्या अध्यायात सनत्कुमारांनी नारदाला जो उपदेश केला आहे, त्याच्या शेवटी आहारशुद्धीपासून अंतःकरणाची शुद्धी होते आणि त्यातून पुढे मनाच्या गाठी सुटतात, असा क्रम सांगितला आहे. या ठिकाणी ‘आहार’ शब्दाचा अर्थ काय करावा यावर थोर आचार्यांची दोन मते आहेत. श्रीरामानुजाचार्यांच्या परंपरेत आहार म्हणजे आपण खातो ते अन्न; त्यात जातिदोष, आश्रयदोष आणि निमित्तदोष असे तीन दोष पाहावेत. पदार्थाच्या मूळ स्वभावातील दोष तो जातिदोष. अन्न ज्याच्याकडून आले त्याच्यामुळे लागणारा तो आश्रयदोष. आणि केस, धूळ, किडा यांच्या संसर्गाने लागणारा तो निमित्तदोष. श्रीशंकराचार्य आहाराचा अर्थ अधिक व्यापक करतात. इंद्रियांच्या द्वारे मनुष्य जे जे आत घेतो, मग तो शब्द असो, रूप असो की रस असो, ते सर्व आहारच होय. स्वामी विवेकानंदांनी आपल्या भक्तियोगावरील विवेचनात या दोन्ही मतांचा विचार करून दोहोंचीही आवश्यकता मान्य केली आहे. मीही या दोन्ही कसोट्या त्या वडीला लावून पाहिल्या.

प्रथम जातिदोष. चॉकलेट ज्या झाडाच्या बियांपासून होते त्याला कोको म्हणतात. मध्य अमेरिकेतील माया आणि ॲझ्टेक लोक या बियांचे पेय धार्मिक विधींत वापरीत. पुढे सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी ते युरोपात नेले. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याने १७५३ मध्ये या वृक्षाचे शास्त्रीय नाव ठेवले ‘थिओब्रोमा’. या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘देवांचे अन्न’ असा होतो. हे वाचून मला माझ्या शनिवारच्या उत्तराची थोडी लाज वाटली. आज केरळ, कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि तमिळनाडू या राज्यांतही नारळी-पोफळीच्या बागांतून कोको होतो. तेव्हा परदेशी म्हणून त्याला बाजूला सारता येणार नाही. मिरची, बटाटा आणि शेंगदाणा हेही अमेरिका खंडातूनच आले आहेत, आणि आपण तर उपवासाला शेंगदाण्याची आमटी करतो.

वडीच्या वेष्टनावर मागच्या बाजूला बारीक अक्षरांत घटकांची यादी असते. आपल्या देशाच्या नियमांप्रमाणे ती वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. म्हणजे जे सर्वांत अधिक ते आधी. माझ्या हातातील वडीत खजूर, ओट आणि साखरेचा पाक प्रथम होते, त्यानंतर शेंगदाणे व कोको. हिरव्या चौकटीतील हिरवा ठिपका होता, त्यामुळे शाकाहाराची शंका मिटली. ती ४० ग्रॅमची वडी असून तीत सुमारे १२ ग्रॅम साखर होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले आहे की, वरून मिसळलेली व पाकासारखी साखर दिवसाला सुमारे २५ ग्रॅमच्या, म्हणजे सहा चमच्यांच्या आत राहिली तर अधिक बरे. एक वडी खाल्ली की त्यातील बराचसा वाटा संपतो. मात्र येथे आपण प्रामाणिक राहिले पाहिजे. गूळही बहुतांशी साखरच आहे. प्रसादाचा म्हणून त्याचा हिशेब शरीर वेगळा ठेवीत नाही. फरक आहे तो फुटाण्यांचा. भाजलेल्या हरभऱ्यात १०० ग्रॅममागे सुमारे २० ग्रॅम प्रथिने असतात, शेंगदाण्यात सुमारे २५ ग्रॅम. आणि त्या वडीच्या किमतीत जवळजवळ पाव किलो फुटाणे येतात.

तेव्हा जातिदोष म्हणावा असा मोठा दोष मला वडीत आढळला नाही. दोष आढळला तो तिच्या नावात. ‘एनर्जी’ म्हणजे ऊर्जा, आणि ऊर्जा प्रत्येकच अन्नात असते. एक ग्रॅम साखर चार कॅलरी देते, एक ग्रॅम स्निग्ध पदार्थ नऊ. भाकरीही ऊर्जाच देते, परंतु भाकरीवर तसे लिहिलेले नसते. साध्या गुणाला मोठे नाव दिले की मनुष्य त्या नावासाठी पैसे मोजतो. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना सूचना दिली होती की, काही पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या सदराखाली विकू नयेत. कारण २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात अशा पेयाची व्याख्याच नाही. अन्नाच्या बाबतीतही सत्य हे एक व्रत आहे, आणि ते विकणाऱ्याने पाळावयाचे तसे घेणाऱ्यानेही.

निमित्तदोषाच्या बाबतीत तर वडी आपल्या पुड्यांपेक्षा सरसच ठरली. उघड्या परातीतील फुटाण्यांवर माशा बसतात, रस्त्यावरची धूळ उडते, आणि ते जुन्या वर्तमानपत्राच्या कागदात बांधून मिळतात. वडीला मनुष्याचा हात क्वचितच लागतो. गाडीतून दूरचा प्रवास करणाऱ्याला, वसतिगृहात राहणाऱ्या मुलीला, रुग्णालयात आप्ताच्या उशाशी रात्र काढणाऱ्याला असे स्वच्छ बंदिस्त खाणे किती उपयोगी पडते, हे ज्याचे त्याला ठाऊक. जुने ते सर्व शुद्ध आणि नवे ते सर्व अशुद्ध, असा निवाडा देणे सोपे आहे. परंतु तो विचार नव्हे.

आश्रयदोषाकडे वळताना मात्र मला थांबावे लागले. आपल्या समाजाने या दोषाचा अर्थ शतकानुशतके माणसाच्या जन्मात शोधला. कोणाच्या हातचे पाणी चालते आणि कोणाच्या हातचे चालत नाही, यावर आपण पुण्यपापाचे डोंगर रचले. पंढरपूरच्या विठ्ठलाचे दार सर्वांना उघडावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषणाला बसावे लागले. १९५० मध्ये अमलात आलेल्या संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. पुजाऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाने हे स्पष्ट म्हटले पाहिजे की, आश्रयदोषाचा तो अर्थ चुकीचा होता. पण म्हणून ती कसोटीच टाकून देऊ नये. अन्न ज्या हातांतून आले ते हात कोणाचे, हे विचारण्याऐवजी त्या हातांवर काही अन्याय तर झाला नाही ना, असे विचारले तर ती कसोटी पुन्हा जिवंत होते.

आणि तसे विचारले असता चॉकलेटची गोडी थोडी कमी होते. जगातील निम्म्याहून अधिक कोको आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. शिकागो विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एका संशोधन संस्थेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, या दोन देशांतील कोकोच्या मळ्यांवर सुमारे १५ लाख ६० हजार मुले बालमजुरी करीत होती. कोयत्याने शेंगा फोडणे, जड ओझी वाहणे, फवारणीच्या वेळी जवळ असणे, अशी ती कामे. दहावीचा एक मुलगा शिकवणीच्या मधल्या सुट्टीत जी वडी खातो, तिच्या मुळाशी त्याच्याच वयाच्या एखाद्या मुलाची सुटलेली शाळा असू शकेल.

परंतु आफ्रिकेकडे बोट दाखवून आपली सुटका होत नाही. आपला गूळ आणि आपली साखर ज्या उसापासून होते, तो तोडण्यासाठी बीडसारख्या जिल्ह्यांतून मजुरांची कुटुंबेच्या कुटुंबे दरवर्षी घर सोडून जातात आणि त्यांची मुलेही त्यांच्याबरोबर फडात जातात. आपल्या भागात कापूस वेचणीच्या दिवसांत शाळेऐवजी शेतात दिसणारे मूल आपल्याला अगदीच अपरिचित नाही. देवापुढे ठेवलेल्या गुळाच्या खड्याला मी आजवर कधी विचारले नव्हते की, तू कोणाच्या हातांतून आलास. ज्या प्रश्नाने वडी अडते त्याच प्रश्नाने गूळही अडतो. याचा अर्थ दोन्ही टाकून द्यावेत असा नाही. खाणाऱ्याच्या मनात त्या हातांची आठवण असावी, आणि आपल्या शेतात राबणाऱ्याची मजुरी वेळेवर व पुरती द्यावी, त्याच्या मुलाला शाळेत पाठवण्याविषयी आग्रह धरावा. आश्रयशुद्धी यापेक्षा निराळी काय असणार!

येथपर्यंत मी जे लिहिले ते वाचून व विचारून लिहिता येण्याजोगे होते. आता जे अनुभवाने कळले ते सांगतो. पहिल्या दिवशी ती वडी मी मंदिराच्या ओट्यावर बसून, हातात मोबाइल धरून खाल्ली. चव चांगली होती; गोड, किंचित कडसर, मध्येच शेंगदाण्याचा दाणा. पण दोन मिनिटांत ती संपली, आणि संपल्यानंतर मला प्रश्न पडला की, ती मी खाल्ली केव्हा? साडेपाचला पुन्हा काहीतरी खावेसे वाटले. दुसऱ्या दिवशी पावणेचारलाच त्या वडीची आठवण झाली. पोटात भूक नव्हती. भूक डोळ्यांना लागली होती. वेष्टनाचा रंग, त्यावरचे धावणाऱ्या तरुणाचे चित्र, मोबाइलवरची जाहिरात, हे सर्व मी दोन दिवस आत घेतले होते. श्रीशंकराचार्यांनी आहाराचा अर्थ इंद्रियांनी घेतलेले विषय असा का केला, हे मला त्या पावणेचार वाजता समजले.

ही वडी मुळात कोणासाठी निर्माण झाली हेही जाणून घेण्यासारखे आहे. कॅनडाचा धावपटू ब्रायन मॅक्सवेल १९८३ मध्ये लंडनच्या मॅरेथॉन शर्यतीत धावत असता उत्तरार्धात त्याच्या अंगातील शक्ती संपली. लांब अंतर धावणाऱ्याला पोटात जड न होता बळ देईल असे खाणे त्याने सहकाऱ्यांच्या मदतीने तयार केले, आणि १९८६ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियात त्याची विक्री सुरू झाली. म्हणजे ४२ किलोमीटर धावणाऱ्यासाठी केलेले अन्न ओट्यावर बसून मोबाइल पाहणाऱ्या माझ्यापर्यंत येऊन पोहोचले. सातूचेही तसेच आहे. तो शेतात राबणाऱ्यासाठी आणि वाटसरूसाठी होता. अन्नाच्या मागे श्रम असावेत ही अपेक्षा दोन्हीकडे सारखीच आहे, आणि ती मोडणारा मीही एकच.

म्हणून पुढच्या मंगळवारी काही कामासाठी सौंसरला गेलो असता परत फिरण्यापूर्वी जामसावळीच्या दर्शनाला पायीच निघालो. वडी खिशात होती. ऊन चांगलेच तापले होते. रस्त्यालगतच्या एका बागेत संत्र्यांची तोडणी चालू होती आणि पाच-सहा बाया झाडाखाली शिदोरी सोडून बसल्या होत्या. ज्वारीची भाकर, झुणका, मिरचीचा ठेचा, फोडलेला कांदा. मी पाणी मागितले. त्यांतील एक वयस्कर बाई म्हणाली, “या महाराज, बसा सावलीत. भाकर खाऊन घ्या दोन घास.” आणि माझ्या होय-नाहीची वाट न पाहता तिने आपल्या भाकरीतील अर्धी मोडून, तिच्यावर झुणका घालून माझ्या हातावर ठेवली. इतरांनी आपापल्या फडक्यांतून थोडे थोडे पुढे केले. मी खाल्ले. भूक खरी होती, त्यामुळे त्या घासांची चव अजून जिभेवर आहे.

खाताना माझा डावा हात खिशातील वडीवर गेला. ती काढून त्यांच्यापुढे ठेवावी असे मनात आले. लगेच दुसरा विचार आला, एवढीशी वडी, सहा माणसांत काय पुरणार? आणि तिसरा विचार आला तो सांगावयास लाज वाटते, परंतु सांगतो: चाळीस रुपयांची आहे. मी हात बाहेर काढला तो रिकामाच. आभार मानले आणि पुढे निघालो. ज्या बाईने अर्धी भाकर मोडून दिली तिने माप काढले नव्हते. रोज देवळात ओंजळी भरभरून प्रसाद वाटणारा मी, माझ्या मालकीचे चार घास लपवून चालू लागलो होतो.

जामसावळीला पिंपळाखाली पहुडलेल्या मारुतिरायासमोर मी बराच वेळ बसलो. मला श्रीमद्भागवतातील सुदाम्याची आठवण झाली. त्याच्याजवळही फडक्यात बांधलेले प्रवासातले खाणेच होते, बायकोने शेजाऱ्यांकडून मागून आणलेले मूठभर पोहे. द्वारकेच्या वैभवात ते पुढे करण्याचा त्याला धीर झाला नाही आणि त्याने ते लपवले. श्रीकृष्णाने ते ओढून घेऊन आवडीने खाल्ले. सुदाम्याने लपवले ते आपले देणे फार थोडे आहे या संकोचाने. मीही प्रथम तेच कारण स्वतःला सांगितले, पण त्याच्या आड लोभ होता. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील एकशे सतरावे सूक्त अन्नदानाचे आहे, आणि त्यात एकट्याने खाणाऱ्याला स्पष्ट शब्दांत दोषी ठरवले आहे. ते मी बाबांच्या तोंडून पुष्कळदा ऐकले होते. आपल्याविषयी ते असू शकेल असे कधी वाटले नव्हते.

येथे कोणी म्हणेल, “यात त्या वडीचाच दोष. ती एका माणसाच्या मापाची, एका वेष्टनात बंद केलेली, चालता चालता खाण्याची. तिने माणसाला एकटे खावयास शिकवले.” या म्हणण्यात काही तथ्य आहे. अन्नाचा आकार माणसाच्या सवयीला आकार देतो. फुटाण्याची पुडी उघडली की शेजारच्याचा हात आपोआप पुढे येतो आणि आपणही तो पुढे येईल हे धरून चालतो. वडीच्या बाबतीत तसे होत नाही. तथापि, त्या झाडाखाली ती मोडून तिचे सहा तुकडे करण्यास मला कोणी मनाई केली नव्हती. वडीने स्वतःला लपवले नव्हते. मी तिला लपवले. वस्तूला दोष देऊन मनुष्य मोकळा झाला की सुधारणेचा मार्ग बंद होतो, म्हणून हे वाक्य मी स्वतःसाठीच लिहून ठेवतो.

मग नैवेद्य म्हणजे तरी काय? भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात आहाराचे तीन प्रकार सांगितले आहेत, आणि ते सांगताना खाणाऱ्याची प्रकृतीही विचारात घेतली आहे. आपण अन्न देवापुढे ठेवतो तेव्हा देवाला त्याची गरज असते असे नाही. आपल्या आणि अन्नाच्या मध्ये एक क्षण उभा राहावा म्हणून ते ठेवावयाचे. त्या क्षणी ‘हे माझे’ ही भावना सुटते. जे एकदा अर्पण केले ते परत घेताना आपण त्याला प्रसाद म्हणतो, आणि प्रसाद एकट्याने खाण्याची आपल्याकडे रीत नाही. गोपालकाल्यात तर प्रत्येक गोपाळाची शिदोरी सोडून एकत्र कालवली जाते; कोणाची भाकर, कोणाचे दही, कोणाचे लोणचे, हे ओळखू येत नाही. काला हा खरोखर मधल्या वेळच्या खाण्याचाच उत्सव आहे. गाई चरत असता दुपारी लागलेल्या भुकेला त्या गोपाळांनी दिलेले ते उत्तर आहे.

मी घरी येऊन हे सर्व बाबांना सांगितले. संत्र्याच्या बागेतील गोष्टही सांगितली. ते इतकेच म्हणाले, “आता त्या पोराला काय सांगशील?”

परीक्षा संपल्यानंतर तो मुलगा शनिवारी आला तेव्हा मी त्याला म्हणालो की, त्या दिवशी मी विचार न करता बोललो, ते चुकले. त्याला तो प्रसंग नीट आठवतही नव्हता. “मी तर ते बाहेर जाऊन खाऊन टाकले होते, दादा,” असे म्हणून तो हसला. मी त्याला पुढच्या शनिवारी वडी आणण्यास सांगितले. त्याने आणली. बाबांनी तिचे वेष्टन काढले, तिचे बारीक तुकडे केले, ते गूळ-फुटाण्यांच्या ताटात मिसळले, तुळशीपत्र ठेवले आणि पाणी फिरवले. आरतीनंतर जो प्रसाद वाटला त्यात कोणाला चॉकलेटचा तुकडा आला, कोणाला नाही आला. त्या मुलाच्या हातावर नुसतेच फुटाणे पडले. त्याने तक्रार केली नाही; ओंजळ पुन्हा पुढे केली.

याला शास्त्राचा आधार कितपत आहे, याचा निर्णय विद्वानांनी करावा. शाळेपुरतेच शिकलेल्या माझ्यासारख्याने तो देऊ नये. कोणाच्या घरातील वा मंदिरातील रीत निराळी असेल तर तीही आदरणीयच आहे. मला एवढेच सांगावयाचे आहे की, चार वाजताच्या त्या लहानशा भुकेच्या वेळी आपण आपल्या मुलांना ‘हे खा’ किंवा ‘हे खाऊ नको’ इतकेच सांगून थांबू नये. त्यांच्याबरोबर बसून तीन गोष्टी पाहाव्यात: भूक पोटाला लागली आहे की डोळ्यांना, जे खातो ते कोणाच्या श्रमातून आले, आणि आपल्या शेजारी बसलेला रिकाम्या हाताने तर बसला नाही ना. या तीन प्रश्नांतून उतरलेली वडी असो की भाकर, ती शुद्धच आहे असे मी समजेन.

त्या बागेतील तोडणी आता संपली आहे. पुढच्या बहाराच्या वेळी त्याच वाटेने पायी जाण्याचा माझा विचार आहे. या वेळी पिशवीत फुटाणे, गूळ आणि चार-दोन वड्याही बरोबर नेईन. त्याच बाया तेथे भेटतील असे नाही. पण सावलीत कोणीतरी शिदोरी सोडून बसलेले असेलच.